सहा केबलींची डार्लिंग्टन लाइन : प्रकल्प नोंदी

१ जून २०२४

हेतू आधी लिहून ठेवतो, नाहीतर हा प्रकल्प भलतीकडेच जातो. एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या सहा कोअॅक्स केबली (मधे तार, तिच्याभोवती धातूची जाळी म्हणजे शील्ड) १०० व्होल्टला भरायच्या. एकच स्विच बंद करायचा, म्हणजे त्याची टोकं जोडायची. केबलींत साठलेली सगळी ऊर्जा ७५ ओमच्या लोडमध्ये (ऊर्जा घेणाऱ्या रोधकात) एकाच चौकोनी पल्सच्या रूपात उतरली पाहिजे आणि पल्सचं व्होल्टेज भरलेल्यापेक्षा जास्त, म्हणजे १५० यायला हवं. ट्रान्सफॉर्मर वापरायचा नाही. हे करणारी जोडणी म्हणजे डार्लिंग्टन लाइन. पल्स संपल्यावर केबलींत काही शिल्लक राहता कामा नये. खरी अट हीच आहे. व्होल्टेज वाढवणाऱ्या जोडण्या पुष्कळ आहेत. मागे उधारी न ठेवणाऱ्या थोड्या.

केबल आरजी-५८, ५० ओमची. हा तिचा इम्पीडन्स, म्हणजे तिच्यातल्या लाटेच्या व्होल्टेजला प्रवाहाने भागून येणारा आकडा. तिच्यात लाट प्रकाशाच्या साधारण ६६ टक्के वेगाने जाते, म्हणजे मीटरला पाच नॅनोसेकंद. १० मीटरच्या तुकड्याला ५०.५ नॅनोसेकंद लागतात आणि त्याची धारिता १०१० पिकोफॅरड भरते. १०० व्होल्टला एका तुकड्यात ५.०५ मायक्रोज्यूल, सहांत मिळून ३०.३. मुंगीलाही चटका बसणार नाही एवढीच ऊर्जा, पण तत्त्व तपासायला पुरे. लाटांची बेरीज-वजाबाकी १०० व्होल्टला जशी होते तशीच २० किलोव्होल्टला. बदलतात त्या बाकीच्या गोष्टी. त्यांच्याकडे शेवटी येईन.

३ जून

पुण्याच्या तापकीर गल्लीतून केबलचं १०० मीटरचं बंडल आणलं. सहाही तुकडे एकाच बंडलातले हवेत, कारण दोन बंडलांचा वेग सारखा असेलच असं नाही. छापील आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

लांबी टेपने मोजायची नाही, वेळेने मोजायची. एक सेंटिमीटर म्हणजे ५० पिकोसेकंद आणि माझ्या १०० मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपची (पुढे नुसता स्कोप) स्वतःचीच चढ, म्हणजे पायरी चढायला लागणारा वेळ, साडेतीन नॅनोसेकंद. त्याला हे दिसणार नाही. म्हणून नॅनोव्हीएनए, म्हणजे वारंवारिता बदलत नेऊन केबलचा प्रतिसाद मोजणारं छोटं यंत्र. टोक उघडं ठेवलेली केबल पाव तरंगलांबीला शॉर्टसारखी दिसते. आपल्या तुकड्याला ही जागा ४.९५ मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि एक सेंटिमीटर कमी-जास्त झालं की पाच किलोहर्ट्झ सरकते. तुकडे १० मीटरहून थोडे मोठे कापले आणि ती खाच सगळ्यांत एकाच जागी येईपर्यंत कात्रीने चिमूट-चिमूट कमी केले. कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या सगळ्या वजाबाक्या यावरच उभ्या आहेत.

७ जून

सुरुवात सोप्यापासून. एक केबल, एका टोकाला रीड रिले (काचनळीतला, चुंबकाने जुळणारा स्विच), पलीकडे ५० ओम. स्कोपवर ५० व्होल्टचा, १०० नॅनोसेकंदांचा पल्स.

शेजारचा मुलगा डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो बघायला आला होता. त्याचा प्रश्न नेहमीचाच : "काका, केबल शंभरला भरली, मग पन्नासच का? आणि वेळ दुप्पट कशी?"

माझं उत्तर असं. भरलेली केबल शांत दिसते, पण ती ५०-५० व्होल्टच्या दोन लाटांची बेरीज धरावी. एक लोडकडे निघालेली, दुसरी उलट दिशेला. स्विच बंद झाला की पहिली सरळ लोडमध्ये उतरते. दुसरी उघड्या टोकापर्यंत जाते, तशीच्या तशी परतते आणि पहिलीची शेपटी धरून लोडमध्ये येते. म्हणून निम्मं व्होल्टेज आणि दुप्पट वेळ. ५० व्होल्ट ५० ओमवर म्हणजे ५० वॉट. १०१ नॅनोसेकंदांत ५.०५ मायक्रोज्यूल. हिशोब जुळला, मागे शून्य.

मग लोड मुद्दाम १५० ओमचा लावला. आता पायऱ्या दिसतात : ७५, मग ३७.५, मग १८.७५. पहिल्या पल्समध्ये ऊर्जेचा पाऊण हिस्साच उतरतो, उरलेला पाव केबलमध्ये येरझाऱ्या घालत हप्त्याहप्त्याने येतो. उधारी म्हणतो ती ही. लेसर किंवा स्पार्क गॅपसारखा (ठिणगी पडणारी फट) लोड असेल तर हे हप्ते नुसते वाया जात नाहीत, इलेक्ट्रोडही खातात.

संध्याकाळी दोन केबलींची ब्लूमलाइन जोडली. दोघींच्या आतल्या तारांमध्ये १०० ओमचा लोड, एकीच्या दुसऱ्या टोकाला स्विच. आता पूर्ण १०० व्होल्ट येतात. अॅलन ब्लूमलाइन हा इएमआय कंपनीतला इंजिनियर. स्टिरिओ ध्वनीचं १९३१ चं पेटंट त्याचंच. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पल्ससाठी त्याने ही जोडणी काढली आणि १९४२ साली एचटूएस रडारच्या चाचणीवर असताना हॅलिफॅक्स विमान कोसळून वयाच्या ३८ व्या वर्षी गेला. ती तारीख ७ जूनच होती. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या काली-५००० यंत्रातही मार्क्स जनरेटर (धारित्रं समांतर भरून मग एकसरीत जोडणारा) आधी ब्लूमलाइनच भरतो, मग तिच्यातून इलेक्ट्रॉनांच्या झोताला पल्स मिळतो. ऐंशी वर्षं होऊन गेली तरी जोडणी जिथल्या तिथे आहे.

९ जून

दिवसभर पाऊस. म्हणून कागदावरचं काम काढलं.

ब्लूमलाइन ही एका मोठ्या कुटुंबातली दोन भागांची सदस्य. ते कुटुंब अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेच्या सिडनी डार्लिंग्टनच्या नावावर आहे. ट्रान्झिस्टरच्या जोडीमुळे ज्याचं नाव प्रत्येक डिप्लोमावाल्याला पाठ असतं तोच हा. कृती अशी : लोड ठरवा, भागांची संख्या ठरवा. शेवटचा भाग सोडून क्रमांक क च्या भागाचा इम्पीडन्स म्हणजे लोड गुणिले क, गुणिले क अधिक एक, भागिले भागांच्या संख्येचा वर्ग. शेवटच्या भागाचा इम्पीडन्स म्हणजे लोड भागिले भागांची संख्या. लोड शेवटच्या दोन भागांच्या मध्ये. व्होल्टेज भरलेल्याच्या निम्मे गुणिले भागांची संख्या.

तीन भाग आणि ७५ ओमचा लोड घेतला की इम्पीडन्स येतात १६.७, ५० आणि २५. म्हणजे ५० ओमच्या तीन केबली समांतर, मग एकटी, मग दोन समांतर. एकूण सहा. एकही वेगळी केबल घ्यावी लागत नाही. ७५ हा आकडा त्यासाठीच निवडला.

आता लाटांचा माग काढतो. उच्चदाब लाइनवरच्या विजेच्या लाटांसाठी काढतात तीच तिरक्या रेघांची जाळी, फक्त मायक्रोसेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत.

शून्य वेळेला स्विच बंद. पहिल्या भागात उणे १०० ची लाट निघते. ५० नॅनोसेकंदांनी ती पहिल्या सांध्यावर येते. पुढचा इम्पीडन्स तिप्पट, म्हणून दीडपट होऊन उणे १५० पुढे जाते आणि उणे ५० मागे फिरते. १०० नॅनोसेकंदांना ती उणे १५० लोडपाशी येते. तिच्यासमोर लोडचे ७५ आणि तिसऱ्या भागाचे २५ असे १०० ओम आहेत. लोडवर उणे १५० पडतात, तिसऱ्या भागात उणे ५० शिरतात, दुसऱ्या भागात उणे ५० मागे फिरतात. इथे पल्स सुरू.

१५० नॅनोसेकंदांना गंमत आहे. पहिल्या भागातली मागे फिरलेली लाट स्विचवर उलटून अधिक ५० होऊन पहिल्या सांध्यावर परत आलेली असते. नेमक्या त्याच क्षणी लोडकडून परतलेली उणे ५० तिथे पोहोचते. पहिल्या भागाच्या वाट्याला एकीकडून अधिक २५ आणि दुसरीकडून उणे २५ येतात, म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या भागाच्या वाट्याला ७५ आणि २५, म्हणजे अधिक १००. २०० नॅनोसेकंदांना ही अधिक १०० लोडवर येते आणि तिसऱ्या भागाच्या उघड्या टोकावरून परतलेली उणे ५० पलीकडून येते. लोडवर एकीचे १००, दुसरीचे ५०. चालू असलेले उणे १५० पुसले जातात. तिन्ही भागांत शून्य व्होल्ट, शून्य प्रवाह.

या वजाबाकीसाठी लोड आणि भागांचे इम्पीडन्स जुळलेले हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. दोन लाटा एकाच क्षणी एका सांध्यावर यायलाही हव्यात. कात्रीचं काम म्हणूनच एवढं मनावर घेतलं.

१० जून

कालच्या आकड्यांचा आणखी एक ताळा. पल्सच्या वेळी लोडमधून दोन अँपिअर, १०१ नॅनोसेकंद : २०२ नॅनोकूलंब. तिसऱ्या भागातल्या दोन केबलींत साठलेला विद्युतभार नेमका एवढाच. स्विचमधून सहा अँपिअर, तेही १०१ नॅनोसेकंदच, मग शून्य : ६०६ नॅनोकूलंब. सहाही केबलींचा एकूण भार तेवढाच. बरोबरच आहे, आतल्या तारांना जमिनीकडे जायला स्विचखेरीज वाटच नाही. ऊर्जेचा ताळा आणि भाराचा ताळा असे दोन्ही सुटले तर मांडणीत खोट राहायची शक्यता कमी. विद्यार्थी फक्त ऊर्जेचा करतात. भाराचा करत चला, तो सोपा आहे.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. याच सहा केबली सरळ समांतर जोडल्या तर ८.३ ओमवर ५० व्होल्ट. तीन-तीनची ब्लूमलाइन केली तर ३३.३ ओमवर १००. आजची जोडणी ७५ ओमवर १५०. तिन्हींत पॉवर ३०० वॉट, वेळ तीच, ऊर्जा तीच. जोडणी बदलून पॉवर वाढत नाही, फक्त कोणत्या लोडला ती चालेल हे बदलतं.

शेजारच्या मुलाने विचारलं, "मग सहा समांतर आणि पुढे ट्रान्सफॉर्मर, असं का नको?" चालेल, पण ट्रान्सफॉर्मरच्या गळतीच्या इंडक्टन्सला ८.३ ओमच्या बाजूने ढकलायचं आहे. २० नॅनोहेन्रीसुद्धा तिथे जड जातात. त्याला म्हटलं, बांध आणि आण, शेजारी ठेवून बघू. तो बांधतो आहे.

१५ जून

जोडणी पूर्ण. आता तिच्या बांधकामाविषयी.

स्विच : रीड रिलेची काचनळी एसीच्या तांब्याच्या नळीच्या तुकड्यात बसवली, परतीचा प्रवाह त्या नळीतून. मोकळ्या तारांनी जोडला तर इंडक्टन्स सहज ५० नॅनोहेन्री होतो, १६.७ ओमवर त्याचा कालांक (इंडक्टन्स भागिले ओम) तीन नॅनोसेकंद आणि चढ त्याच्या २.२ पट. पहिल्या भागाच्या तीन केबलींना तीन रिले द्यायचा मोह होतो, पण रिले एकमेकांच्या मिलिसेकंदभर मागेपुढे बंद होतात. पुष्कळ स्विच एका वेळी चालवायचे तर ते वेगळंच काम आहे. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात अशा ३६ वाटा आहेत आणि प्रत्येकीचा गॅस स्विच लेसरने पेटवतात.

लोड : ७५० ओमचे दहा रोधक दोन तांब्याच्या चकत्यांच्या मध्ये गोलाकार. तारेचं वेटोळं असलेला रोधक इथे चालत नाही, तो लोड नसून कॉइल असतो.

सांधे : तिन्ही भागांच्या शील्ड एकाच तांब्याच्या पत्र्यावर डाग दिलेल्या. भरणी एक मेगओममधून, तिसरा भाग लोडमधूनच भरतो.

लोडची दोन्ही टोकं जमिनीपासून वर आहेत, म्हणून दोन्हीकडे एक-एक असे दोन सारखे प्रोब, स्कोपवर वजाबाकी. मोजल्यावर : अलीकडचं टोक उणे शंभराला थोडं कमी, पलीकडचं अधिक पन्नासच्या जवळ. कागदावर हेच होतं. फरकाचा पल्स १३८ वर चढतो आणि शेवटी १४६ पर्यंत रांगत जातो. सुरुवात स्विचनंतर १०० नॅनोसेकंदांनी, रुंदी जेवढी हवी तेवढी. पल्सनंतर चार-पाच व्होल्टची शेपटी.

१६ जून

रांगणं कुठून येतं? केबलच्या आतूनच. उच्च वारंवारितेचा प्रवाह तांब्याच्या सालीतूनच वाहतो आणि रोध वारंवारितेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आरजी-५८ ला १०० मेगाहर्ट्झवर १० मीटरमध्ये दीड डेसिबलच्या आसपास खर्च येतो. म्हणून कडा आधी झटक्यात चढते, मग उरलेला वाटा आळसावत भरते. शेपटी ही त्याचीच दुसरी बाजू. जाड केबल घेतली की कमी होईल. रिलेला किंवा सांध्यांना यात दोष नाही; एका साध्या केबलवरही, प्रमाणात, हेच दिसतं.

इथेच चार भागांचा विचार सोडून दिला. कागदावर तो सुंदर आहे : सहा, दोन, एक आणि तीन अशा बारा केबली, ६६.७ ओमवर २०० व्होल्ट. पण लाटेला लोडपर्यंत आणखी एक भाग ओलांडावा लागतो, पहिल्या भागाचा इम्पीडन्स ८.३ वर येतो, स्विचचा इंडक्टन्स दुप्पट बोचतो. मिळतं काय, तर दीडपटीऐवजी दुप्पट. मला सौदा पटत नाही.

२२ जून

लोडचं एक टोक जमिनीवर हवं असं बरेच जण म्हणतात, मोजायला सोयीचं. त्यासाठी लोड आतल्या तारांमधून काढून शील्डमध्ये घालायचा. आतली तार सलग, तिसऱ्या भागाची शील्ड मात्र पल्सच्या वेळी १५० व्होल्टने उचलली जाते.

केली तशी जोडणी. पल्स १०५ च्या आसपास, मधे खळगा, नंतर लटपट. कारण आकृतीत नाही, टेबलावर आहे. उचललेली शील्ड आणि खालची जमीन यांची मिळून आणखी एक लाइन तयार होते. साडेतीन मिलिमीटर जाडीची शील्ड जमिनीपासून पाच सेंटिमीटर वर असेल तर तिचा इम्पीडन्स २४० ओमच्या आसपास. ती लोडला समांतर बसते, ७५ चे ५७ होतात. शिवाय दोन केबली आहेत. आणि या चोरवाटेत इन्सुलेशन बहुतांश हवा, म्हणजे लाट आतल्यापेक्षा लवकर टोकाला जाऊन परत येते आणि पल्सच्या मध्यातच लुडबूड करते. केबल टेबलावर सरकवली की आकार बदलतो. आकृतीत नसलेला घटक ओळखायची हीच खूण.

२९ जून

उपाय माहीतच आहे : फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक. तिसऱ्या भागाच्या दोन्ही केबली एकत्र करून लोडजवळच्या टोकाला मोठ्या कड्यातून पाच वेढे. आतल्या लाटेला फेराइट दिसतच नाही, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा. बाहेरच्या प्रवाहाला मात्र सव्वाशे मायक्रोहेन्री आडवे येतात. १५० व्होल्ट, १०१ नॅनोसेकंद, म्हणजे शेवटी ०.१२ अँपिअर गळती. लोडच्या दोन अँपिअरच्या सहा टक्के. पल्स १४० वर आला, माथा किंचित उतरता. केबल हलवली तरी आकार जागचा हलत नाही.

६ जुलै

आता २० किलोव्होल्टचा हिशोब. हे घरी करायचं नाही. कॉलेजच्या उच्चदाब प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली. केबल आरजी-२१३, इम्पीडन्स आणि वेग तेच. लोडवर ३० किलोव्होल्ट, ४०० अँपिअर, १२ मेगावॉट. ऊर्जा १.२ ज्यूल. स्विचमधून १२०० अँपिअर, म्हणजे रीड रिले गेला, स्पार्क गॅप आला.

लाटांचं गणित तसंच राहतं. फेराइटचं राहत नाही. व्होल्ट गुणिले वेळ २०० पट होतं : ३.०३ मिलिव्होल्ट-सेकंद. गेल्या शनिवारच्या कड्याचा छेद एक चौरस सेंटिमीटर, वेढे पाच. त्यात सहा टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागेल. फेराइट ०.३-०.४ ला तृप्त होऊन नुसता दगड होतो. १०० व्होल्टला हीच संख्या ०.०३ होती, म्हणून सगळं गोड दिसलं. पाच वेढ्यांना वीस चौरस सेंटिमीटर छेद हवा. असा गठ्ठा मिळतो, पण जाड केबलचे पाच वेढे त्यातून घालून दाखवा.

पाण्याच्या लाइनचाही (पॉलिथिलीनच्या जागी पाणी) विचार करून झाला. पाण्याचा परावैद्युतांक ८०, म्हणून लाट मीटरला ३० नॅनोसेकंद घेते आणि १० मीटरची केबल पावणेदोन मीटरच्या नळीत मावते. पण १८ मेगओम-सेंटिमीटरचं अतिशुद्ध पाणीसुद्धा स्वतःतूनच १२७ मायक्रोसेकंदांच्या कालांकाने रिकामं होतं, नळीचा आकार कसाही ठेवा. म्हणजे ती मायक्रोसेकंदांत भरणारा मार्क्स आधी बांधायचा. आत्ता नको.

तर निर्णय : लोड आतल्या तारांमध्येच, १५ जूनसारखा. सगळ्या शील्ड जमिनीवर, फेराइट शून्य. लोडच्या टोकांना जमिनीच्या संदर्भात उणे २० आणि अधिक १० किलोव्होल्ट; ३० कुठेच एकटे उभे राहत नाहीत, इन्सुलेशनला हे सोपं. लोड म्हणून लावायच्या डिस्चार्ज ट्यूबला जमिनीशी देणंघेणं नसतं. काळजी फक्त मधल्या एकट्या केबलची : लोडकडच्या टोकाला ती अधिक २० वरून उणे २० पर्यंत पूर्ण उलटते, आणि उलटापालट पॉलिथिलीनला आवडत नाही. त्या भागासाठी जादा दोन तुकडे एकाच बंडलातून कापून, खाच जुळवून, चिठ्ठी लावून ठेवायचे. प्रत्येक भागाला स्वतंत्र निचरा-रोधक (उरलेला भार जमिनीत सोडणारा), आणि हात लावण्याआधी जमिनीची काठी तिन्ही भागांना, एकाला नव्हे.